मगरमामाच्या छातीतलं पाणी

माझा मामा पोहायला शिकवायचा. त्याचा रुंद जबडा आणि पाण्याबाहेर निघायचा आळस पाहून मुलांनी त्याचं नाव मगर ठेवलं, आणि गृहस्थ ते मिरवायला लागला. त्यामुळे एक्स-रे बघून डॉक्टरबाई "छातीत पाणी झालंय" म्हणाल्या, तेव्हा त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"माझ्या? अहो, नाकातोंडात पाणी नवशिक्यांच्या जातं!"

धाप लागत होती. आडवं झालं की जीव घुसमटायचा, म्हणून खुर्चीत बसून झोपायचा. पण पठ्ठ्याला काळजी वेगळीच. ही बातमी तलावावर फुटली तर पोरं कोण पाठवणार? दवाखान्यात राहायला त्याने साफ नकार दिला आणि घरी येऊन पाणी पिणंच बंद केलं. म्हणे, आपोआप आटेल! अकलेचे तारे तोडावेत तर मामानेच. पुढे जिना चढताना तो मधेच बसला, ओठ निळसर पडले. मग मी त्याचं काही एक न ऐकता त्याला गाडीत कोंबलं.

बाईंनी पाठीतून सुई घालून पाणी काढलं. बाटलीभर, फिकट पिवळं. मामाला श्वास आला तसा आवाजही आला. "इकडे आणा ती," म्हणाला आणि चक्क बाटली हुंगली. नर्स बघतच राहिली.

"क्लोरीनचा वास नाही! आमच्या तलावाचं नाहीच हे."

"बरोबर," बाई म्हणाल्या. "बाहेरचं नाहीच. फुफ्फुसाच्या आतलंही नाही. फुफ्फुसाभोवती दोन पातळ पडदे असतात, त्यांच्या मधे साचलंय. हृदय थकलं, मूत्रपिंड बिघडलं, न्यूमोनिया, टीबी, कधी कॅन्सर... कशानेही साचतं. कारण सापडलं नाही तर पुन्हा भरेल."

"मग माझं कारण काय?"

"तेच शोधायचंय. त्यासाठी इथे राहावं लागेल."

मामाचं हसू मावळलं. पाणी तलावाचं निघालं असतं तर बरं झालं असतं, हे त्याला उमगलं असावं. मलाही उमगलं.

"तलावावर सांगून टाक," तो मला म्हणाला. "मामाच्या छातीत पाणी झालंय, यायला वेळ लागेल. हसले तर हसू दे." मग त्याने माझं मनगट घट्ट धरलं. "आणि तू आज घरी जाऊ नकोस. मला भीती वाटतेय गं."