आत्याचं शिशाचं सोवळं

सोमवारी सकाळी आत्या गेली. दुपारी तिच्या युनिटमधल्या बायका आल्या. त्यांनी दारात हात धुतले आणि मग तिच्या पाया पडल्या.

आत्याइतकं कडक सोवळं उभ्या वसईत कोणी पाळलं नसेल, आणि त्याचा देवाधर्माशी काडीचाही संबंध नव्हता. एकादशीला ती खुशाल सुक्या बोंबलाची चटणी खायची. मी काही बोललो तर म्हणायची, "देव समजून घेतो. सोल्डर नाही समजून घेत." सातिवलीच्या ज्या युनिटमध्ये ती सुपरवायझर होती, तिथे इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पाट्या बनत. पाटीवरचे सुटे भाग सोल्डरने, म्हणजे वितळवलेल्या धातूच्या तारेने, जोडतात. जुन्या सोल्डरमध्ये शिसं असतं. ते लवकर वितळतं आणि सांधा चकचकीत येतो. नव्यात शिसं नसतं. त्याला आच जास्त लागते आणि सांधा जरा मंद दिसतो. परदेशी जाणाऱ्या मालाला हे नवंच लागतं, आणि त्यात शिशाचा अंश सापडला की सगळा माल परत. म्हणून आत्याने युनिटची फाळणी केली होती. शिशाचं टेबल लाल पट्टीचं, बिनशिशाचं हिरव्या पट्टीचं. तापत्या सळ्या, ब्रश, फडकी, सगळं वेगळं. लाल टेबलावरच्या बाईला हिरव्या टेबलावरून साधं पेनही मागायची सोय नव्हती. एकदा शेठनी लाल टेबलावरची गाडीची चावी उचलून सहज हिरव्यावर ठेवली.

"शेठ, चावी उचला. आनि पान्यानं हात धुवून या."

"काकी, मी मालक आहे."

"म्हनून तर सांगते नीट. दुसऱ्या कोनाला हाकललं असतं."

शेठ हात धुऊन आले.

हे सोवळं घरीही यायचं. वरणाचा डाव भाजीत गेला की ती भाजी माझ्या एकट्याच्या ताटात. माझी पुस्तकं आणि वाचनालयाची पुस्तकं एका फळीवर ठेवलेली तिला खपत नसत. "लोकांचं आपल्यात मिसळू नको, मग कोन कोनाचं ते कळत नाही," असं ती मला बजावायची. आई-वडिलांमागे तिनेच मला वाढवलं, त्यामुळे हे सगळं मला बराच काळ जगरहाटीच वाटत होतं.

अशी ही बाई फसली ती खंडेनवमीला. त्या दिवशी युनिटमधल्या हत्यारांची पूजा होते. वर्षभर ज्या दोन टेबलांचा वारा एकमेकांना लागू दिला नाही, त्यांच्या सोल्डरच्या तारेची रिळं आत्याने स्वतः एकाच पाटावर मांडली, आणि भक्ती नसलेल्या माणसाच्या उत्साहाने त्यांवर इतकं हळदकुंकू वाहिलं की रिळांवरच्या हिरव्या पट्ट्याही लाल झाल्या. दसऱ्यानंतर काम सुरू झालं. शनिवारी संध्याकाळी भिंगाखाली हिरव्या टेबलावरची एक पाटी धरून ती म्हणाली, "एवढी चमक बरी नव्हे." लाल टेबलाचं रीळ हिरव्यावर गेलं होतं. माल सोमवारी जायचा होता, आणि चांगल्या पाट्यांत शिशाच्या पाट्या मिसळून गेल्या होत्या.

रविवारी माझा साखरपुडा होता. वसई गावातल्या हॉलमध्ये मुलीकडची झाडून सगळी मंडळी, आणि आमच्याकडून मी आणि दोन मित्र. आत्या सातिवलीला पाट्या निवडत बसलेली. मुलीचे मामा उठले. "मुलाकडचं एकही मोठं माणूस नाही? हे जमायचं नाही. आत्ताच सांगतो, आम्ही निघतो." मुलगी खाली बघत होती. पुस्तकांतली माणसं अशा वेळी किती नेमकं बोलतात. शेवटी मी मामांना म्हटलं, "तुम्हीच चला, बघा." आम्ही दोघं रिक्षाने सातिवलीला गेलो.

युनिटमध्ये आत्या भिंगात डोळा घालून बसली होती. मामा तावातावाने टेबलाशी गेले आणि हात टेकणार, तेवढ्यात ती मान वर न करता म्हणाली, "हात धुवून या आधी."

"मी मुलीचा मामा."

"मग साबन लावून धुवा."

मामा धुऊन आले. तिने त्यांना भिंगातून दोन पाट्या दाखवल्या. "ही चमकनारी गेली तर सगळा माल परत येईल, आनि बायकांचं काम जाईल. चूक माझी हाय. ती दुसऱ्यानं कशी निवडायची? तुम्ही करा सुरू. मी आले की पोरीची ओटी भरीन."

हॉलवर परतल्यावर मामा खुर्चीत बसले आणि म्हणाले, "थांबू या. बाई चमत्कारिक आहे. पण पोरीला तिच्या घरात घोर नाही." दुपार कलल्यावर आत्या आली ती युनिटचा निळा कोट घालूनच. मुहूर्त कधीच टळला होता. तिने नळ शोधला, कोपरापर्यंत हात धुतले, आणि मग ओटी भरली.

लग्नानंतर आम्ही तिघं माणिकपूरला राहिलो. आता घरात मी आणि माझी बायको आहोत. वरणाचा डाव आम्ही अजून भाजीत जाऊ देत नाही. जेवायला एकत्र बसतो.