चक्राची मोटर

माळ्यावरून गणपतीच्या सजावटीचं खोकं काढलं, की मशिनच्या तेलाचा वास येतो आणि मला शुभाताई आठवतात.

तेव्हा पुण्यात नुकत्याच कॉम्प्युटरच्या कंपन्या येत होत्या. आमच्या वरच्या मजल्यावरच्या शुभाताई तशाच एका कंपनीत इंजिनिअर होत्या. आमच्या ह्यांना खेळण्यातल्या रेल्वेचं वेड, आणि ती बघायला त्या संध्याकाळी खाली यायच्या. पलंगाएवढ्या फळीवर रूळ, स्टेशन, बोगदा, सगळं मांडलेलं. आता इंजिनाचं तोंड फिरवायला गोल चकती हवी होती.

"लहान घेऊ की मोठी?" ह्यांनी विचारलं, ते शुभाताईंना. मी चहा घेऊन शेजारीच उभी होते.

"मोठीच घ्या हो. उद्या लांब इंजिन आणलंत तर काय अर्धं बाहेर ठेवणार?"

चकतीला टेपरेकॉर्डरची मोटर लावली, तर इंजिन भिरभिरून खाली पडलं. दोघं पोट धरून हसले. "हळू फिरणारी हवी," त्या म्हणाल्या. ह्यांनी लगेच उठून गणपतीमागच्या चक्राची मोटर काढली. ते चक्र लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीला आम्ही दोघांनी टिकल्या चिकटवून केलं होतं.

इंजिन अगदी सावकाश वळलं. "अगं, बघ तरी!" हे मला म्हणाले.

"चहा निवला," मी म्हटलं.

त्या वर्षी आरतीला मी चक्र हातानं फिरवलं.

आता कळतं, त्या दोघांत इंजिनाखेरीज काही नव्हतं. पण लहान की मोठी, हे मला कुणी विचारलंच नाही. बोहरी आळीतून हे दोनदा चक्रासाठी नवी मोटर घेऊन आले. मी अजून बसवू दिलेली नाही.