खोक्यातले भुंगेरे

अकोल्याहून निघालो तेव्हा मांडीवर आमच्या प्रयोगशाळेचा खोका होता आणि खोक्यात तांबूस डोक्याचे, तुरीच्या दाण्याहून लहान भुंगेरे. संत्र्याच्या झाडाचा रस शोषणारे पिठ्या ढेकूण ते खातात. रिद्धपूरजवळ युसूफभाईंच्या बागेत ते सोडायचे होते. एसटीत शेजारच्या बाईंनी विचारलं, मिठाई आहे का? किडे आहेत म्हटल्यावर त्यांनी जागा बदलली. भुंगेऱ्यांना हवा हवी म्हणून अमरावतीपर्यंत मी खिडकी उघडी ठेवून धूळ खाल्ली.

दोन हंगाम युसूफभाईंनी बागेत औषधाचा थेंब पडू दिला नव्हता. गेल्या वर्षीचे भुंगेरे झाडांवर टिकले होते, वाढत होते. यंदाही ढेकूण हटले नाहीत, तर झाडं तोडून तूर पेरायची, असं घरात ठरलं होतं.

बागेत मांडव होता. किडे सोडायलाही फीत लागते, हे मला नवीन होतं. फीत कापायला येणाऱ्या पाहुण्यांना, कृषी खात्याच्या साहेबांना, उशीर होता, म्हणून आम्ही वरण आणि रोडगे (गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे) खाल्ले. मग युसूफभाई मला झाडं दाखवायला निघाले आणि पहिल्याच झाडाशी थांबले. पानं चकचकीत होती. औषधाचा वास येत होता.

त्यांचा धाकटा भाऊ हनीफ समारंभासाठी बाळापूरहून आला होता. तो खुशीत म्हणाला, "पाहुणे येऊन राहिले म्हनून काल तुमी गावात नव्हते तवा सगळं फवारलं, भाईजान. पांढरे ढेकून लय झाले होते."

या भुंगेऱ्याची अळीही ढेकणासारखीच पांढरी, पिंजलेल्या कापसासारखी दिसते. युसूफभाईंनी रुमाल धरून फांदी झटकली. रुमालात मेलेले भुंगेरे आणि अळ्या पडल्या.

"हे पाय," ते हनीफला रुमाल दाखवत म्हणाले. "हे आपले होते."

पाहुणे आले. युसूफभाईंनी हात जोडले. "सायेब, आज नोका सोडू. पानावर जहर हाय."

पाहुण्यांनी त्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि शेतकऱ्याने विज्ञानाला भिऊ नये, असं सांगितलं. फीत कापली, खोका उघडला, टाळ्या झाल्या. फोटोवाल्याला खोका जरा तिरपा हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हनीफ झाडांखाली बसून मेलेले भुंगेरे खोक्यात वेचत होता. मी त्याला उठवायला गेलो.

"राहू द्या त्याले," युसूफभाई म्हणाले. "परवा त्यानं एक पान नाई सोडलं."

भरलेला खोका त्यांनी माझ्या हाती दिला. "अकोल्यात दाखवा. सांगा, पोचले होते." मी निघालो तेव्हा ते फोनवर झाडं तोडायला माणसं विचारत होते.

भुंगेऱ्यांना जिवंतपणी वजन नसतं, मेल्यावरही नाही. जाताना होता तितकाच खोका हलका होता. अमरावती सुटल्यावर धूळ येऊ लागली. मी खिडकी लावून घेतली.