या महिन्यातली चूक

"हात बघू," असं म्हटल्याशिवाय काका कुणाच्या हातात बेअरिंग द्यायचे नाहीत. शाळेत बाई नखं तपासायच्या, अगदी तसं. घामाचा हात लागला की बेअरिंग गंजतं, हे त्यांचं कारण. एकदा त्यांनी आमच्या साहेबांनाही "हात बघू" म्हटलं आणि साहेब मुकाट्याने बेसिनकडे गेले. मी स्टोअरच्या खिडकीतून ते पाहिलं आणि रजिस्टरात तोंड घालून हसले.

नगरच्या एमआयडीसीत ज्यांनी नोकरी केली, त्यांनी सप्लायर पुष्कळ पाहिले असतील. डायरी देणारे, कॅलेंडर देणारे, नुसतं गोड बोलणारे. आमचे बेअरिंगवाले काका दर महिन्याला एक पत्रक द्यायचे. एकच कागद, स्वतः लिहिलेला आणि झेरॉक्स काढलेला. नवीन कुठले साइज आले, कुठले मिळत नाहीत, कंपनीने काय बंद केलं, अशा तीन बातम्या. आणि तळाशी चौथी: "या महिन्यातली चूक".

खरं सांगायचं तर वरच्या तीन बातम्या कुणी वाचत नव्हतं. सगळ्यांची नजर आधी तळाशी. कुणी बेअरिंग हातोड्याने ठोकून बसवलं, कुणी ग्रीस म्हणून भलतंच काही भरलं, असलं काहीबाही तिथे असायचं. नाव कधीच नसायचं. मग आमच्या चहाच्या सुट्टीत ती कुणाची चूक असेल यावर वाद. काकांना विचारलं तर म्हणायचे, "नावाने काय होतंय? चूक कळली, पुरे." त्यांची स्वतःची चूक झाली तर तीही तिथेच यायची, "आमच्या दुकानाकडून" अशी सुरुवात करून.

मी मूळची मिरजगावची. स्टोअरला लागले तेव्हा मला साधं बेअरिंग म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. मशीनचा दांडा ज्या पोलादी कड्यात फिरतो ते बेअरिंग, आणि त्याच्या आतल्या गोळ्यांत धुळीचा कण गेला तरी त्याचं मरण, हे मला काकांनीच शिकवलं. शिकवलं, आणि तरी मी घोळ घातला.

खंडेनवमीची पूजा होती. पाटावर पाने-पकडी, हातोडे, मापं मांडली होती. ग्राइंडिंग मशीनसाठी मागवलेलं मोठं बेअरिंग नुकतंच आलं होतं, दसऱ्यानंतर बसवायचं होतं. मी म्हटलं, एवढं नवंकोरं आलंय तर देवापुढे डब्यात कशाला? बाहेर काढलं. काय चकाकत होतं! हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. दुसऱ्या दिवशी फडक्याने पुसलं आणि पुन्हा डब्यात घातलं. मनात जराही शंका नाही. उलट मांडणीचं सगळ्यांनी कौतुक केलं म्हणून मी दिवसभर खुशीत.

बसवल्यावर आठ दिवसांत मशीन ओरडायला लागलं. आमचा फिटर येऊन म्हणाला, "ताई, लई वरडतंय हे. न्हाई टिकायचं." मशीन बंद झालं, त्यावरचं काम अडलं आणि साहेबांचा पारा चढला. काकांना बोलावणं गेलं.

त्याच महिन्यात माझं कायम होण्याचं पत्र निघायचं होतं. तीन वर्षं मी कंत्राटावर होते. घरात पगार माझा एकटीचा. हे काकांना ठाऊक होतं, कारण ते आले की मीच त्यांना रडगाणं ऐकवायची.

काकांनी माझ्या टेबलावरच बेअरिंग उघडलं. साहेब पाठमोरे फोनवर बोलत होते. काकांनी बोटाने आतलं ग्रीस काढलं, ते लालसर होतं. त्यात तांदळाची एक कणी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी बोट फडक्याला पुसलं, बेअरिंगही पुसलं, आणि ते फडकं घडी करून स्वतःच्या खिशात घातलं. साहेब वळले तेव्हा काका म्हणाले, "आमच्या दुकानात दुसऱ्या गिऱ्हाइकाला दाखवायला डबा उघडला होता. धूळ गेली. चूक आमची."

मी काही बोलले नाही. तोंड उघडायला कुणी अडवलं होतं का? नाही. घाबरले होते, एवढंच.

साहेबांनी सप्लायरच्या यादीतून काकांचं नाव काढलं. तसं पत्र मलाच टाईप करावं लागलं. त्याच आठवड्यात माझंही पत्र आलं. मी पेढे वाटले आणि स्वतः एकही खाल्ला नाही.

पत्रक मात्र टपालाने येत राहिलं. त्यात आता तीनच बातम्या. तळाची जागा कोरी. दोन-तीन महिने असंच पाहिलं आणि मग राहवेना, म्हणून एका सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्या दुकानात गेले. त्यांनी चहा मागवला, मुलांची चौकशी केली. चूक छापणं का बंद केलंत, असं मी विचारलं. रागावतील असं वाटलं होतं, पण शांतपणे म्हणाले, "ताई, आपली झाकून लोकांच्या कशा छापू?"

पुढच्या खंडेनवमीला फिटरने हौसेने नवीन बेअरिंगचा डबा उघडायला घेतला आणि मी त्याच्यावर खेकसले. का उघडायचं नाही, असं त्याने विचारलं. साहेब बाजूलाच उभे होते. मग मी सांगून टाकलं. कुंकू, फडकं, सगळं.

साहेब म्हणाले, "कायम झालात म्हणून आता सांगताय?"

"हो साहेब," मी म्हटलं. खोटं तरी कशाला बोलू?

साहेबांनी हळूहळू मान हलवली आणि काकांना फोन लावायला सांगितलं. यादीत नाव परत घातल्याचं मी कळवलं, साहेबांना सगळं सांगितल्याचंही. काकांनी विचारलं, "मग छापू का?" मी म्हटलं, छापा.

त्यानंतर काकांचं एकच पत्रक आलं. थंडीत ते गेले. झोपेतच गेले म्हणे. दुकान आता मुलगा बघतो. पोरगा चांगला आहे, मोबाईलवर रंगीत अपडेट्स पाठवतो, वेळेवर. त्यात कुणाचीच काही चूक नसते.

ते शेवटचं पत्रक मी स्टोअरच्या भिंतीला लावलंय. तळाशी काकांच्या अक्षरात आहे:

"चूक पहिली. एका ताईंनी पूजेत बेअरिंग उघडं ठेवलं, कुंकू आत गेलं. पूजा बंद डब्याची करावी. देवाला आतलं दिसतं.

चूक दुसरी. आमच्या दुकानाकडून. ही गोष्ट आम्ही लपवली. त्यामुळे गेल्या दिवाळीच्या पूजेत आणखी दोन कारखान्यांत हेच घडलं. पहिलीपेक्षा ही मोठी."