केसपेपरवरची शेवटची ओळ

मिरजेत तेवीस वर्षं बायकांची डॉक्टर म्हणून बसलं, की घरात पेढ्यांचे रिकामे बॉक्स आणि डोक्यात किस्से साठत जातात. बॉक्स रद्दीवाला नेतो. किस्से मात्र माझ्या केसपेपरवर आहेत, कारण प्रत्येक केसपेपरच्या तळाशी मी एक ओळ राखलीय: ‘कशामुळे?’ पेशंटला काय वाटतं, ते तिच्याच शब्दांत.

ही ओळ सुरू झाली आटपाडीच्या सुरेखामुळे. तिचा गर्भ तीनदा पडला. पहिल्यांदा ती म्हणाली, “घागर उचलली.” मग, “पपई खाल्ली.” तिसऱ्यांदा, “माझंच कायतरी चुकलं आसंल.” सासरचेही तेच म्हणायचे. मी दर वेळी सांगायचे, तुझ्यामुळे नाही गं. तिला पटायचं नाही.

*

साताऱ्याकडचा एक फौजी. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. दोघांचे सगळे रिपोर्ट नॉर्मल. मी तपासण्या सांगत राहिले आणि फाईल जाड होत गेली. मग त्याला फॅमिली क्वार्टर मिळालं, नि सहा महिन्यांत बायकोला दिवस गेले. कशामुळे?

“मॅडम, आदी रजाच मिळत न्हवती.”

चार वर्षांत दोघं एकत्र किती दिवस राहिले, हे मी एकदाही विचारलं नव्हतं!

*

पाचगणीजवळच्या एकीला माझ्या गोळ्या सुरू केल्यावर पहिल्याच महिन्यात दिवस गेले. ही केस मी डॉक्टरांच्या दोन मीटिंगांत ऐटीत सांगितली. बाळंतपणानंतर ती स्ट्रॉबेरीची पेटी घेऊन आली. पेटीच्या तळाशी माझ्याच गोळ्या, सगळी पाकिटं न फोडलेली.

“पित्त हुईल म्हून घेतल्या न्हाईत. कुणा गरिबाला द्या मॅडम, लय गुण हाय ह्यांचा.”

*

दुसरीही मुलगीच झाली म्हणून एक सासूबाई सुनेशी बोलेनात. मी त्यांना जवळ बसवून सांगितलं, मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं.

“म्हंजी माझ्या पोराचा दोष?”

“तुमच्या हिशोबानं, हो.”

त्यांनी नातीला मांडीवर घेतलं. “आवं, ह्यात दोष कसला? लेकरू हाय.”

*

या बायकांनी मला जे शिकवलं ते कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. मी त्यांची मनापासून ऋणी आहे. सुरेखाची सगळ्यात जास्त.

चौथ्या वेळी तिच्या तपासणीत रक्त गोठण्याचा दोष सापडला. उपाय म्हणजे पोटात रोज एक इंजेक्शन, बाळंतपणापर्यंत. आटपाडीहून रोज येणं शक्य नव्हतं, म्हणून ती स्वतःच टोचून घ्यायला शिकली. एक दिवस चुकवला नाही.

मुलगी झाली. खोलीत सगळं घर जमलेलं. मी केसपेपर काढला. सासू म्हणाली, “नवसामुळं.” नवरा म्हणाला, “मॅडममुळं.” मी पेन घेऊन सुरेखाकडे पाहिलं.

“मॅडम, तीनदा गेलं तवा समदी माझ्यामुळं म्हणाली. आता झालीया, तर माझंच नाव लिवा.”

मी लिहिलं. तिनं कागद मागून घेतला, वाचला, आणि मगच बाळाला पाजायला घेतलं.