टेनिसची राणी आणि पुढचा सोफा

भोपाळला जायचं ठरलं ते आमच्या शोभाच्या फोनवरून. शोभा माझी लेक. म्हणाली, "आई, ये आणि यांना चार शब्द सांग. माझं ऐकत नाहीत." 'यांना' म्हणजे आमचे जावई विवेकराव, तिथल्या मोठ्या सरकारी कारखान्यात इंजिनीअर. वरच्या हुद्द्यासाठी सोमवारी मुलाखत होती. वय पाहता ही शेवटचीच संधी, आणि जावई म्हणत होते, "जाणार नाही. हुद्द्यात काय ठेवलंय?"

मला अक्षर येत नाही. माझी नात जुई, माझ्या मुलाची मुलगी, हा ब्लॉग लिहिते. या खेपेला मी बोलते आणि ती टाइप करते. मधे स्वतःचं शहाणपण घुसवते का, ते मी तिच्याकडून परत वाचून घेऊन तपासते. तिला भोपाळ बघायचं होतं, मला जावयाला वळवायचं होतं. एकाच तिकिटावर दोन्ही.

भुसावळहून दिवसाची गाडी धरा. रात्रीच्या गाडीने नर्मदा झोपेत निघून जाते. भर जूनमधलं ऊन, खिडकीतून गरम वारा, आणि जावयाला काय सांगायचं याची मी मनात उजळणी करतेय, तेवढ्यात पूल आला. खाली नर्मदा, उन्हाळ्यातही एवढी रुंद की गाडीच हळूहळू वाहतेय असं वाटावं. मी हात जोडले. पुढे डोंगर, बोगदा, अंधार, उजेड, परत अंधार. दर अंधारात माझ्या भाषणातलं एकेक वाक्य गळून पडत होतं.

स्टेशनावर उतरलात की रिक्षाचं भाडं आधी ठरवा. जुईने ठरवलं, मी त्यातून थोडं कमी केलं. रिक्षावाला हसून म्हणाला, "अम्मा, आप तो पक्की भोपाली निकलीं." अशोका गार्डन नावाच्या वस्तीची गर्दी, दुकानं, हॉर्न मागे पडले, आणि एका वळणानंतर आवाजच संपले. कारखान्याची टाउनशिप आली. रुंद रस्ते, दोन्हीकडे वरून मिळालेली झाडं, आंब्यांचा वास. दुपारचा भोंगा झाला तोही कुणी जांभई द्यावी तसा.

मला पाटी वाचता येत नाही, पण टाउनशिपमध्ये हुद्दा वाचता येतो. जिथे दोरीवरचे कपडे रस्त्यावरून दिसतात ते छोटे क्वार्टर. कपडे मागे गेले आणि पुढे मेंदीचं कुंपण आलं की मधले साहेब. जिथे कपडेही दिसत नाहीत आणि माणसंही, ते मोठे साहेब. शोभाकडे मेंदी होती, पण तिच्यावरच टॉवेल वाळत होते.

"बघितलंस ना?" शोभा म्हणाली. "इतकी वर्षं झाली. महिला मंडळात खुर्च्यासुद्धा नवऱ्याच्या हुद्द्याप्रमाणे. मी कायम मागे, पंख्याचं वारंही पोचत नाही तिथे. आणि यांना काही पडलेलंच नाही."

विवेकराव कूलरमध्ये पाणी भरत होते. त्यांनी फक्त मला विचारलं, "आई, वाळ्याचा वास येतोय ना तुमच्यापर्यंत?" एवढ्या गुणी माणसाला रागावायचं कसं? मी झोपून टाकलं. त्या गार, ओल्या वासात आलेली झोप अजून माझ्या अंगावर आहे.

शनिवारी संध्याकाळी क्लबात मोठ्या पडद्यावर टेनिसची फायनल होती. आत शिरले तर पुढे छान मऊ सोफा रिकामा. वर कागदाचा तुकडा होता, तो बाजूला केला आणि बसले. शोभा पळत आली. "आई, ऊठ! मोठ्या साहेबांची जागा आहे ती."

"साहेबांना वाचता येतं ना? मग दुसरीकडे बसतील वाचून."

साहेब आले, मला नमस्कार केला आणि खरंच दुसरीकडे बसले.

पडद्यावर लाल माती आणि एक उंच पोरगी. तिचं नाव मला उच्चारता येत नाही, जुई तिला राणी म्हणते. एकेकाळची पहिल्या नंबरची. शेजारच्या खुर्चीतल्या दुबेजींचा क्वार्टर शोभाच्या घराला लागूनच. राणीच्या खर्चाची त्यांना तिच्यापेक्षा जास्त माहिती.

"अम्मा, इसके कुत्ते भी हवाई जहाज़ में चलते हैं, टिकट ले के!"

"बरं आहे की. आमच्या डब्यात माणसंही बिनतिकिटाची होती."

"जूते एक बार पहने, फेंक दिए. समंदर किनारे घर. टूर्नामेंट छोड़ के घूमने चली जाती है. नंबर गिर गया और हँस के कहती है, मैं रैंकिंग देखती ही नहीं!"

विवेकराव एकदम पुढे सरकले. घरी न बोलणारा माणूस! "तिचे पैसे आहेत दुबेजी, तिने कमावलेत. नंबर काय, कम्प्युटर देतो. तुम्ही तिचा हात बघा. चेंडूला कसं समजावते!"

"आतोबा बरोबर बोलतात," जुई म्हणाली. "तिला लोकांच्या यादीची गरजच नाही."

तेवढ्यात मागून शोभा कचोऱ्यांचा ट्रे घेऊन आली. ट्रे हातातच, आणि म्हणाली, "नंबर नको म्हणणं परवडतं तिला. एकदा पहिली होऊन बसली आहे ती. मलाही बसवा एकदा पहिल्या रांगेत, मग मीही म्हणेन, रांगेत काय ठेवलंय!"

दुबेजींनी कचोरी उचललेली तशीच परत ठेवली. विवेकराव पडद्याकडे बघत राहिले.

राणी हरली. हसली, हात मिळवला, खुर्चीत बसली आणि टॉवेल तोंडावर घेतला. सगळे उठून चहाकडे गेले. मी मऊ सोफा सोडणार नव्हते, म्हणून मला दिसलं. टॉवेलखाली खांदे हलत होते. वळून पाहिलं तर विवेकरावही उठले नव्हते.

रविवारी आम्ही जुन्या शहरात गेलो. तिथला सुलेमानी चहा चाखाच. त्यात चिमूटभर मीठ असतं. पहिला घोट चुकल्यासारखा वाटतो, दुसरा पटतो. मग मोठं तळं. ऊन कलल्यावर जा, आधी गेलात तर पाय भाजतील. शोभा आणि जुई काठावर कुल्फी खात बसल्या. मी आणि विवेकराव वल्ह्याच्या नावेत. पाणी आधी केशरी, मग राखाडी. पलीकडचा काठ विरघळत चाललेला. भाषण करायची हीच वेळ होती, पण त्यातलं एकही वाक्य सापडेना.

मी विचारलं, "विवेकराव, काल त्या पोरीने तोंडावर टॉवेल का घेतला हो?"

"घाम असेल."

"घामाने खांदे हलतात?"

त्यांनी बोटं पाण्यात बुडवली. मग म्हणाले, "आई, पहिल्या खेपेला मी मुलाखतीला गेलो होतो. शोभाला सांगितलं, गेलोच नाही. माझ्या हाताखाली शिकलेल्या पोराला घेतलं त्यांनी. तेव्हापासून म्हणायला लागलो, मला नकोच आहे. म्हणता म्हणता माझं मलाच खरं वाटलं."

"मला सांगून काय होणार? मी दोन दिवसांची पाहुणी. जिला सांगायचं ती काठावर कुल्फी खातेय."

उतरल्यावर त्यांनीही एक कुल्फी घेतली आणि शोभाला सगळं सांगितलं. जुईला मी मुद्दाम फुगेवाल्याकडे नेलं, पण माझे कान तिकडेच. शोभाने आपली कुल्फी संपवली. मग म्हणाली, "एवढंच होतं होय? मला वाटायचं, माझंच मागणं मोठं आहे." आणि त्यांच्या हातातली कुल्फी काढून घेऊन तीही खाल्ली.

सोमवारी सकाळी पोहे-जिलबी झाली. शोभाने हातावर दही-साखर ठेवली आणि जावई इस्त्रीच्या शर्टात निघाले. दुपारी परतले तेव्हा एवढंच म्हणाले, "मशीनबद्दल विचारलं तेव्हा भरपूर बोललो. बाकीचं ऐकून घेतलं." आणि कूलरमध्ये पाणी भरायला गेले.

येताना नर्मदा पुन्हा दिसली. या वेळी डोक्यात भाषण नव्हतं, म्हणून पूल संपेपर्यंत पाहिली. हे सगळं ब्लॉगवर घालायचं का, ते जुईने दोघांना विचारून घेतलंय. विवेकराव म्हणाले, घाला, फक्त कूलरचं जास्त लिहा.

निकाल अजून लागलेला नाही. पण काल शोभाचा फोन आला.

"आई, मंडळाचा कार्यक्रम होता. मी पुढच्या सोफ्यावर जाऊन बसले."

"कुणी उठवलं?"

"बघत होते सगळे. मी पंख्याकडे बघत बसले."

"मग, कसं वाटतं तिथून?"

"काही नाही गं. स्टेज एवढं जवळ की मान दुखली नुसती."

"म्हणजे पुढच्या वेळी मागे?"

"छे!" शोभा म्हणाली. "तिथेच बसणार."