शून्य पॉइंट्सचा खेळाडू

"अख्ख्या करिअरमध्ये एकसुद्धा पॉइंट नाही?" माझी बॉस लिंडा सरकारी पत्र माझ्या टेबलावर आपटत म्हणाली. "आणि हे त्यांना सांगितलं कोणी?"

मीच सांगितलं होतं.

अमेरिकेत, शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या एका लॉ फर्ममध्ये मी इमिग्रेशनची वकील आहे. माझं बरंचसं काम ओ-वन व्हिसाचं. हा व्हिसा असामान्य गुणवत्तेच्या माणसांना मिळतो आणि ती गुणवत्ता कागदावर सिद्ध करायचं काम आमचं. आपली माणसं असली की मला सामग्रीची चिंता नसते. पुण्याच्या एका इंजिनियरने पेटंट्सच्या खाली सातवीतल्या वक्तृत्व स्पर्धेचं उत्तेजनार्थ बक्षीससुद्धा जोडलं होतं. ते काढायला लावलं तर आठवडाभर रुसला.

फर्गस (नाव बदललंय) नेमका उलटा. स्कॉटलंडच्या नॅशनल टीमकडून रग्बी खेळलेला, आता इथल्या एका क्लबचा कोच. दारातून आडवा होऊन आत येणारा देह आणि बोलणं मोजून चार शब्दांचं. बायकोच्या युनिव्हर्सिटीतल्या नोकरीच्या व्हिसावर तो इथे राहत होता आणि तो व्हिसा संपत आला होता. ओ-वन मिळाला तर ठीक, नाहीतर तो, बायको आणि नऊ वर्षांची मुलगी सामान बांधून परत. मुलीला शाळेत वर्षभराने कुठे पहिली मैत्रीण मिळाली होती. एवढं एकच त्याने चारपेक्षा जास्त शब्दांत सांगितलं.

"तुझ्या करिअरबद्दल सांग," मी पहिल्याच मीटिंगला म्हटलं होतं.

"मी ढकलायचो."

"कोणाला?"

"समोरच्याला. बाकी सगळं इतरांनी केलं."

आता यावर काय लिहिणार, कपाळ! मी आमच्या टेम्प्लेटमधला तक्ता भरून टाकला. मॅचेस, वर्षं, पॉइंट्स. बास्केटबॉलवाल्यांसाठी केलेला तक्ता तो. पॉइंट्सच्या रकान्यात मी अगदी प्रामाणिकपणे शून्य लिहिलं. आता ऑफिसर विचारत होता, हा माणूस असामान्य कसा? अशा पत्राला आम्ही आरएफई म्हणतो. म्हणजे मुदतीत आणखी पुरावे द्या, संधी एकदाच.

घरी अण्णा, म्हणजे माझे वडील, सांगलीहून आलेले होते. तरुणपणी ते कबड्डी खेळायचे. संध्याकाळी मी लॅपटॉपवर फर्गसची जुनी मॅच लावली, तसे चहाचा कप घेऊन शेजारी येऊन बसले. स्क्रीनवर स्क्रम चालला होता. दोन्हीकडचे आठ-आठ जण डोकी खाली घालून, खांद्याला खांदा भिडवून एकमेकांना रेटतात आणि मधला बॉल मिळवतात, तो स्क्रम. फर्गस पहिल्या रांगेत.

"हा लाल केसांचा कोण गं?"

"माझा क्लायंट. काही करत नाही अण्णा, नुसता वाकून उभा असतो."

"काही करत नाही?" अण्णा भडकले. "वकील ना तू? मागे घे ते. आता त्याच्या समोरच्याकडे बघ."

बघितलं. समोरचा पहाडासारखा गडी इंच इंच मागे सरकत होता, त्याचे बूट चिखलात रेघा ओढत होते. मग तो चक्क उचललाच गेला. बॉल मोकळा झाला, एक चपळ खेळाडू तो घेऊन पळाला आणि सगळ्या टाळ्या त्याला.

"आमच्यातही चढाई करणाऱ्याचं नाव पेपरात यायचं," अण्णा म्हणाले. "साखळी धरणाऱ्याला घरीसुद्धा कुणी विचारत नसे. मी सात वर्षं साखळी धरली. माझी पकड कशी होती, ते ज्याला पकडलं त्याला विचार!"

दुसऱ्या दिवशी मी फर्गसला फोन केला. "तू ज्यांना ढकललंस, ते कुठे आहेत?"

"सगळे मित्र आहेत. मॅचनंतर दोन्ही टीम एकत्रच जेवतात. ज्याला ढकललं त्याच्याच शेजारी बसायचं."

"मग त्यांच्याकडून पत्रं मागव."

"माझी स्तुती करा, असं सांगू? शक्य नाही."

"तू नको सांगूस बाबा. मला नंबर दे."

मी चौघांना फोन केले. चौघेही तक्रार करायला आतुर! आठवड्यात पत्रं आली. वेल्सच्या एकाने लिहिलं, 'माझी मान थंडीत अजून डावीकडे वळत नाही. कारण फर्गस.' दुसऱ्याला त्याच्याविरुद्धच्या मॅचच्या आदल्या दिवशी जेवण जायचं नाही. तिसऱ्याने त्याच्याशी भिडल्यावर घरी जाताना गाडीतच रिटायर व्हायचं ठरवलं. चौथ्याने पत्रासोबत खांद्याचा एक्स-रे पाठवला.

लिंडाने फाइल चाळली. "हा पुरावा आहे की पोलीस कम्प्लेंट?"

"दोन्ही. पाठवू?"

"एक्स-रे सगळ्यात वर लाव."

व्हिसा अप्रूव्ह झाला. मी फर्गसला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "वाईट नाही." पाठोपाठ नाक शिंकरल्याचा आवाज आला, तो मात्र त्याच्या देहाला शोभेलसा. मागून मुलगी किंचाळत होती. माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू!

तो तक्ता मी डिलीट केला. शिफारसपत्रं सगळ्यांचीच गोड असतात. म्हणून आता नव्या क्लायंटला मी पहिल्यांदा विचारते, "तुमच्यामुळे आजवर कोणाकोणाला त्रास झालाय?"

पुण्याचा तो इंजिनियर परवा रिन्यूअलसाठी आला होता. यादी चौदा पानांची आहे.